लोखंडाची माया

ऑक्टोबर आला की मला फणसाचा वास येतो. फळाचा नव्हे, लाकडाचा. फळ मे महिन्यातलं, एवढं मलाही कळतं, पण नाकाला कोण समजावणार? अख्खी मुंबई घामाने चिडचिडत असते, सोसायटीच्या गच्चीवर गाद्या उन्हात पडलेल्या असतात, कुठल्यातरी खिडकीतून भाजणी भाजल्याचा वास येत असतो, आणि मी घाटकोपरच्या माझ्या दोन खोल्यांत दिवाळीची ब्लाऊजं शिवत बसलेली असते. मध्येच तो गोडसर, ओलसर भुशाचा वास येतो. मी मशीन थांबवते. समोर माप द्यायला आलेल्या बाईंना वाटतं, दोरा तुटला.

चार वर्षांपूर्वीचा वास आहे तो, मुलुंडला दादाच्या गॅलरीतला. माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आणि नव्वद वर्षांनी हट्टी.

दादा भांडुपच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होता. म्हणजे काय ते प्रत्येकाला सांगावं लागतं, म्हणून सांगूनच टाकते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असला तर आधी तो लाकडात हुबेहूब करतात. ते लाकूड वाळूत दाबून ठसा उठवतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. दादा ते लाकूड करायचा. केसाएवढा फरक पडला तरी परत आणून द्यायचे म्हणे. इतकं जिवापाड करायचं आणि ते वाळूत पुरायचं, घरात मिरवायला काही नाही. त्याची कसर त्याने रिटायर झाल्यावर भरून काढली. गॅलरीत टेबल ठोकलं आणि पोळपाट, देव्हारे, फडताळं, जे सुचेल ते करत सुटला. आमच्या नात्यात असं घर नाही जिथे दादाचा पोळपाट नाही. दर भाऊबीजेला ओवाळणी म्हणून माझ्या ताटात हातचंच काहीतरी पडायचं. एका वर्षी त्याने मला बाह्यांना इस्त्री करायची लाकडी फळी दिली होती. ती अजून वापरते.

आणि चार वर्षांपूर्वी जूनमध्ये त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

बोलणं सावरलं. पाय काठीवर का होईना, चालायला लागला. हात मात्र मांडीवर पडून राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. आणखी एक विचित्र गोष्ट झाली. मुंबईत पन्नास वर्षं बोललेली भाषा मागे पडली आणि लहानपणीची मालवणी वर आली. डॉक्टर हिंदीत विचारायचे, हा मालवणीत उत्तर द्यायचा, आणि वहिनी मध्ये उभी राहून दुभाषाचं काम करायची. तेव्हा आम्ही हसलो. नंतर हसू येईना.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. फार गोड पोर. तिने हसऱ्या तोंडाचा रबरी चेंडू दिला होता, दाबायला. ताटलीत राजमा ठेवायची आणि एकेक दाणा उचलायला सांगायची. ज्या माणसाने केसाएवढा फरक बोटांनी ओळखला, त्याच्यापुढे राजमा. दादाने पंधरा दिवस केलं, दोन-चार दाणे उचललेही, आणि एके दिवशी ताटली डाव्या हाताने बाजूला सरकवली. भांडण नाही, काही नाही. नुसती सरकवली. सप्टेंबरपर्यंत त्याने त्या हाताकडे बघणंच सोडलं. मला हाताची तेवढी भीती नव्हती. दादाने स्वतःलाच निकालात काढलं होतं, त्याची भीती वाटत होती.

आणि मी काय करत होते? मदत. शर्टाची बटणं लावत होते. चप्पल पायात सरकवत होते. एका रविवारी तर मी त्याला बांगड्याचे काटे काढून दिले. मालवणी माणसाला! पूर्वीचा दादा असता तर ताट माझ्या डोक्यावर उपडं केलं असतं. हा मुकाट्याने जेवला. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि तरीही पुढच्या रविवारी पुन्हा बटणं लावायला बसलेच. सवय लागते ना, दुसऱ्याचं करून द्यायची. आपल्यालाच बरं वाटतं.

पाऊस सरला, ऊन तापायला लागलं. मी वहिनीच्या ब्लाऊजचं माप घेत होते आणि दादा आरामखुर्चीत होता. एकदम म्हणाला, "भाऊबीजेक पाट करूचो आसा."

वहिनीने हात खाली घेतले. मी टेप गळ्यात टाकली. तीन महिन्यांत त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

दिवाणाखाली गावाहून आणलेली फणसाची फळी होती, कैक वर्षं वाळत पडलेली. पाटाचं मापही ठरलेलं. अडचण एकच होती. पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात, फळी वाकू नये म्हणून. त्या नुसत्या खिळ्यांनी ठोकणं दादाला कधीच मंजूर नव्हतं. त्या खाचेत घट्ट बसायला हव्यात, आणि खाच पाडायला राउटर हवा. राउटर म्हणजे विजेवर गरगर फिरणारं पातं, हातात धरून लाकडावरून न्यायचं. दादाकडे मोठा दोन मुठींचा होता, तो आता बाद. पण एका हातात मावेल असा छोटाही होता. वहिनीने दोन्ही माळ्यावर टाकले होते, जुन्या चादरीत गुंडाळून.

वहिनीला मी दोष देत नाही. जूनमधली ती सकाळ तिने एकटीने निभावली होती. ती म्हणाली, ही समोर असेल तेव्हाच मशीन लावायचं. ही म्हणजे मी. झालं, माझे रविवार गेले.

राउटर सरळ चालावा म्हणून त्याला एक गाईड लावतात. लोखंडी दांडीवर बसवलेला आडवा तुकडा, तो फळीच्या कडेला टेकून सरकतो. माझ्या शिलाई मशीनलाही असाच असतो, टीप कडेपासून सारख्या अंतरावर पडावी म्हणून. त्यामुळे मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम. दादाचा जुना गाईड वाकला होता. मी घाटकोपरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि ऐटीत म्हटलं, राउटरचा गाईड द्या. कच्छी शेठने विचारलं, दांडी आठची की दहाची? मी म्हटलं, चांगल्यातली द्या. त्याने दहाची दिली. मशीनचं भोक आठचं निघालं. पुढच्या आठवड्यात बदलून आणला तर तो एकाच दांडीचा, टोकाला धरला की डुगडुग हलणारा. दादाने डाव्या हातात घेऊन उलटापालटा केला.

"ह्यो एका पायार उभो आसा," म्हणाला, "माझ्यासारखो."

वहिनी आत निघून गेली. मला मात्र बरं वाटलं. माणूस स्वतःवर विनोद करायला लागला म्हणजे अजून तिथे कुणीतरी आहे.

तसाही तो गाईड उपयोगाचा नव्हता. खाच फळीच्या कडेपासून बरीच आत पाडायची होती आणि त्याची दांडी तिथवर पोचत नव्हती. मग दादाने सांगितलं, आधी एका टाकाऊ फळीवर करून बघू, तिच्यावर एक सरळ पट्टी आडवी आवळ, मशीन तिला टेकवून नेतो. मी आवळली. आता यात एक मेख आहे. पातं एका दिशेने फिरतं. मशीन योग्य बाजूने नेलं तर ते पट्टीला आपणहून चिकटून चालतं, उलट्या बाजूने नेलं तर पट्टी सोडून पळतं. हे दादाने कारखान्यात कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण ते सगळं उजव्या हाताने. डाव्या हाताला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने मशीन जवळ ओढलं, ते सुसाट पळालं, फळीची कड खाल्ली, टेबलावरून घसरलं आणि वायरला लोंबकळत भिंतीवर आपटलं आणि प्लग निघून बंद झालं.

कुणाला लागलं नाही. पण दादाचा चेहरा मला बघवेना. तो मशीनकडे बघत नव्हता, त्या डाव्या हाताकडे बघत होता. आता हाही गेला, असं.

वहिनी दारात उभी होती. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, पुन्हा एकदा असं झालं की दोन्ही मशीनं कुडाळला माझ्या माहेरी, भावाकडे जातील. आणि वहिनी बोलली की करते. दादा काठी घेऊन आत जाऊन झोपला. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी गेले तर टेबलावर कॅलेंडरचं पान पालथं पडलेलं. त्यावर पेन्सिलीने वेड्यावाकड्या रेघा. डाव्या हाताने काढलेल्या. मला आधी काही कळेना, मग एकदम कळलं. ब्लाऊजचं पेपर कटिंग बघावं तसं कळलं. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या, एकमेकींना समांतर, आणि मशीन त्यांच्या मधोमध. इकडे ओढलं काय, तिकडे ढकललं काय, पळायला जागाच नाही. खाली एक आडवा ठोकळा, तो फळीच्या कडेला अडकला की सगळं आपोआप काटकोनात. एक पट्टी पक्की, दुसरीला लांबट भोकं आणि बोटांनी फिरवायचे नट, म्हणजे ती मागेपुढे सरकवून दुसऱ्या कामांनाही वापरता येईल. आवळायला लाकडाचा खटका, एका हाताने दाबता येईल असा. मशीनच्या तळाला जास्तीचा प्लाय लावून तो रुंद केलेला, त्याला डाव्या हाताची मूठ. कारखान्यात अशा साच्याला जिग म्हणतात. दादा त्याला सांगाडा म्हणाला.

"आठवडाभर हेच चाललंय," वहिनी म्हणाली. तक्रारीचा सूर होता, पण पेन्सिलीला टोक तिनेच काढून दिलेलं दिसत होतं.

पट्टी कुठे लावायची यावरून आमचा वाद झाला. मी म्हटलं, खाचेच्या कडेची रेघ आहे तिच्यावर. दादा नाही म्हणाला. पातं मशीनच्या मधोमध असतं, त्यामुळे पट्टी रेघेवर लावली तर खाच भलतीकडेच पडेल. तळ एकशे ऐंशी मिलीमीटर, पातं बारा, उरले एकशे अडुसष्ट, त्याचे निम्मे चौऱ्याऐंशी. पट्टी रेघेपासून चौऱ्याऐंशी मिलीमीटर लांब. तर कुठे पातं बरोबर रेघेला लागून चालेल.

"म्हणजे माया," मी म्हटलं.

आम्ही शिवणवाल्या बाया टिपेच्या बाहेर जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला माया म्हणतो. माया ठेवली की कपडा उसवता येतो, सैल करता येतो, अंग वाढलं तरी चालतो. दादाने मान हलवली आणि त्याच शब्दाने काम सुरू झालं. इथे माया किती, तिथे माया किती.

मी त्या चौऱ्याऐंशी मिलीमीटरवर अजूनही विचार करते. ज्याला सरळ न्यायचं त्याच्या रेघेवर आपण उभं राहायचं नसतं. थोडं लांब, पण पक्कं. मी तीन महिने दादाच्या रेघेवरच बसले होते, बटणं लावत आणि काटे काढत. त्याला पुढे सरकायला जागाच नव्हती.

सांगाडा करायचं मी अंगावर घेतलं. प्लाय कापून आणला आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर जोडायला घेतला. तळाचं माप माझ्या टेपने घेऊन ठेवलं होतं, एकशे ऐंशी. पट्ट्या लावताना वाटलं, टेप कापडाची, ताणली जाते, इथे पक्कं माप हवं. दादाच्या खोक्यातून त्याची स्टीलची जुनी पट्टी आणली होती, कारखान्यातली. तिच्यावर नीट बघून एकशे ऐंशी मोजले आणि नट घट्ट आवळले. इतकी खूश झाले की शेजारच्या बाईंना बोलावून दाखवला.

रविवारी दादाने एका टाकाऊ प्लायवर तो अडकवला, मशीन दोन पट्ट्यांत ठेवलं, सुरू केलं. आणि ते खुळखुळायला लागलं. डबीतल्या सुपारीसारखं, इकडे आपट, तिकडे आपट. खाच अशी निघाली की नागाने बघून लाजावं. दादाने मशीन बंद केलं. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि मशीनं गुंडाळलेली ती माळ्यावरची चादर उचलली. वाट लागली, मी मनात म्हटलं.

दादा वाकून दोन पट्ट्यांमधली फट बघत होता. बोट घालून बघितली. मग मला विचारलं, कशाने मोजलंस? मी स्टीलची पट्टी पुढे केली. त्याने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि हसायला लागला. तोंड वाकडं होतं, त्यामुळे हसूही एका बाजूने सांडत होतं, पण थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं.

लोखंड निवताना आकसतं. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरकडे एक खास पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलीमीटर खऱ्या मिलीमीटरपेक्षा किंचित मोठा. दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी. मी एका भाषेत माप घेतलं होतं आणि दुसऱ्या भाषेत लावलं होतं. एकशे ऐंशीला जवळजवळ दोन मिलीमीटर जास्त.

"ही लोखंडाची माया गो," तो म्हणाला. "लाकडाक ती नको."

वहिनी चादर हातात धरून उभी होती. जूनपासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. तिने ती चादर गॅलरीत टेबलाखाली पसरली, भुसा गोळा व्हावा म्हणून, आणि परत पोळ्यांकडे गेली. कुडाळचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मग दादाने मला शिकवलं, की मोजायचंच नाही. मशीनच मध्ये ठेवायचं, दोन्ही पट्ट्या त्याला भिडवायच्या, एका बाजूला कॅलेंडरचा एक कागद सरकवायचा, नट आवळायचे आणि कागद काढून घ्यायचा. सरकण्यापुरती जागा, बस. कापडात हातभर माया ठेवणाऱ्या बाईला ते फार अवघड गेलं. मी दोन कागद घातले होते. त्याने एक काढायला लावला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी फणसाची फळी टेबलावर आली. पहिल्यांदा तिच्यावरून पातं फिरलं आणि हळदीसारखा पिवळाधमक भुसा उडाला. दादाच्या भुवयांवर, माझ्या साडीवर, कुंडीतल्या तुळशीवर. तोच तो वास. गावाकडच्या घरात रचलेल्या ओंडक्यांचा, आईच्या पोळपाटाचा, मला नीट सांगताही येणार नाही कशाकशाचा. पहिल्या खाचेला मी सांगाडा दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. खटका आवळलेला होता, धरायची काही गरज नव्हती. पण धरून होते. दादाचा डावा हात कापत होता आणि मशीन मात्र रुळावर असल्यासारखं सरळ चाललं होतं. हाताचा कंप पट्ट्यांपाशी येऊन थांबायचा, खाचेपर्यंत पोचायचा नाही.

दुसऱ्या खाचेला त्याने मशीन ठेवलं, बटणावर अंगठा ठेवला आणि थांबला.

"हात काढ गो."

मी म्हटलं, असू दे रे, मी नुसती टेकवलेत.

"माका जमतला. काढ."

काढले. कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा केल्यासारखे. त्याने खाच पूर्ण केली. मग पाटाची आडवी पट्टी आणून खाचेत बसवली. ती हाताने दाबली तरी गेली नाही, लाकडी हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी गेली. त्याने पाट उचलून कानाशी धरला आणि बोटाने वाजवला. काय ऐकलं कोण जाणे, पण बरा वाटला त्याला.

मला मात्र त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही. एक गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. भाऊबीजेला भाऊ पाटावर बसतो. पाट जमिनीपासून चार बोटं वर. दादाला कमोडवरून उठायला धरावं लागत होतं. तो खाली बसणार कसा? इतकं जिवाचं रान करून केलेल्या पाटावर त्याला बसता येणार नाही, हे त्याच दिवशी, सगळ्यांसमोर त्याला कळणार. मी चार वेळा सांगायला गेले आणि चारही वेळा चहा करून परत आले.

भाऊबीजेला वहिनीने रांगोळी काढली, मध्ये पाट मांडला. तेलपाणी झालेला पिवळा फणस नुसता उजळला होता. मी ताट घेऊन उभी. दादा नवा सदरा घालून काठी टेकत आला. बटणं त्याने स्वतः लावली होती, एक घर चुकलं होतं. पाटाकडे न जाता तो शेजारच्या खुर्चीत बसला.

"पाट माझ्यासाठी नाय होतो," म्हणाला. "मी खाली बसलंय तर माका उठवतला कोण? तू बस."

मी म्हटलं, अरे, असं कुठे असतं का? भाऊबीज आहे. वहिनी म्हणाली, बस ना गं, जूनपासून उभीच आहेस. मी बसले. पाट इतका पक्का होता की अंगाखाली जरासुद्धा हलला नाही.

दादाने ताट मांडीवर मागितलं. वहिनीने धरलं. मला वाटलं, डाव्या हाताने कुंकू लावेल. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला, कुंकवाच्या करंड्यावर आणून ठेवला आणि सोडून दिला. मग तो हात आपला आपण हलला. अनामिका कुंकवात बुडाली, बाहेर आली आणि माझ्याकडे यायला लागली. इतका वेळ लागला की निरांजनातली वात एकदा फडफडून शांत झाली. त्या बोटाला कुठे पट्टी नव्हती, खटका नव्हता, कुणाचा हात नव्हता. मी डोळे मिटले नाहीत. कपाळही पुढे केलं नाही. फार मन झालं होतं, पण केलं नाही.

बोट भुवईच्या वर टेकलं आणि कानशिलापर्यंत ओघळत गेलं. वहिनीने पदर पुढे केला, पुसून नीट लावते म्हणाली. मी तिचं मनगट धरलं.

त्या दिवशी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बसमध्ये सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. मी खिडकीकडे तोंड केलं नाही.